लुकलाला अडकलेले आठ जण : एक प्रकरण अभ्यास

दिवाळीच्या आगेमागे पुणे, ठाणे, नाशिककडून एव्हरेस्ट बेस कॅम्पला बरेच ग्रुप जातात. चढाईची, श्वासाची, बुटांची तयारी सगळे करतात, पण परतीच्या विमानाचं काय हा प्रश्न प्लॅनच्या शेवटच्या ओळीत "लुकला ते काठमांडू, फ्लाइट" एवढ्यावर संपतो. लुकला म्हणजे या ट्रेकचं विमानतळाचं गाव. तिथे अडकलेल्या या आठ जणांच्या ग्रुपचंही तसंच झालं. मी त्यांच्यात नव्हतो, पण ग्रुप ओळखीचा आहे, परत आल्यावर जवळजवळ सगळ्यांशी निवांत बोललो, आणि लीडरने त्या दिवसांच्या नोंदी दिल्या म्हणून हे सविस्तर लिहितोय. नावं दिलेली नाहीत, कंपन्या आणि एजंट यांचीही नाहीत. पुढच्या वेळी ग्रुप घेऊन जाणाऱ्याला कुठल्या क्षणी कुठला निर्णय घ्यायचा होता ते नीट दिसावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

पार्श्वभूमी

कोरोनानंतरचा एक ऑक्टोबर. आठ जण : लीडर, वय चौतिशीचा, सह्याद्रीत भरपूर फिरलेला आणि हिमालयातले दोन-तीन ट्रेक केलेला, साठी ओलांडलेले काका आणि काकू, शाळेत शिकवणाऱ्या एक मॅडम, बँकेत नोकरी करणारा एक जण, चार वर्षांचं मूल आजीआजोबांकडे ठेवून आलेलं एक जोडपं, आणि कॉलेजमधला एक मुलगा. सोबत सोलुखुंबूचाच, म्हणजे एव्हरेस्टच्याच जिल्ह्यातला, एक अनुभवी गाइड, सगळे त्याला दाई (नेपाळीत मोठा भाऊ) म्हणायचे, शिवाय एक असिस्टंट गाइड आणि पोर्टर.

ट्रेक चांगला झाला. रविवारी ५,३६४ मीटरवर बेस कॅम्प झाला, सोमवारी फेरिचे, मंगळवारी संध्याकाळी नामचे. बुधवार नामचेत विश्रांती आणि खरेदी, गुरुवारी लुकला, शुक्रवारी सकाळी लुकलाहून विमान, शनिवार मोकळा, रविवारी दुपारी काठमांडूहून दिल्लीमार्गे पुणे. म्हणजे हाताशी एकच जादा दिवस. तोही खरं तर काठमांडूत पशुपतिनाथ आणि बौद्धनाथ बघायला म्हणून ठेवलेला, अडचणीसाठी नाही.

लुकलाची धावपट्टी नेमकी काय चीज आहे

हे समजल्याशिवाय पुढचं सगळं नुसतं नशीब वाटेल, म्हणून जरा थांबून सांगतो.

लुकला साधारण २,८४५ मीटरवर आहे. धावपट्टी फक्त ५२७ मीटर लांब. मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे, त्यावरून अंदाज घ्या. आणि ही धावपट्टी सपाट नाही, जवळपास पावणेबारा टक्के चढ आहे, म्हणजे खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत साठेक मीटर उंचीचा फरक. खालचं टोक सरळ दूधकोशी नदीच्या दरीत संपतं, वरच्या टोकाला डोंगर. त्यामुळे विमान नेहमी दरीच्या बाजूने येऊन चढावर उतरतं, चढच त्याला थांबवायला मदत करतो, आणि उडताना उतारावरून दरीकडे धावत सुटतं. वारा कुठूनही असला तरी दिशा हीच. उतरताना एका टप्प्यानंतर "नाही जमलं, परत फेरी मारून येतो" हा पर्याय पायलटकडे उरतच नाही, कारण समोर डोंगर असतो.

त्यात हवा विरळ. या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण पाव हिश्श्याने कमी असते, पंखांना आणि इंजिनाला दोघांनाही ती कमी पडते, म्हणून वजनावर कडक मर्यादा. ट्विन ऑटर, डॉर्निअर २२८, लेट ४१० अशी छोटी विमानं येतात, एका खेपेत चौदा-पंधरा माणसं जातात. सामान हातातलं धरून माणशी १५ किलो. कॅप्टनसाठीही वेगळे नियम आहेत : छोट्या धावपट्ट्यांवरच्या किमान शंभर खेपा, नेपाळात अशा उड्डाणांचा एक वर्षाचा अनुभव, आणि लुकलाच्या दहा खेपा प्रशिक्षकासोबत, तेव्हाच तो स्वतः इथे विमान आणू शकतो.

मोठ्या विमानतळावर ढगातून खाली आणणारी जी यंत्रणा असते ती इथे नाही. पायलटला डोळ्यांनी धावपट्टी दिसली पाहिजे, बस. रात्रीचं उड्डाण नाहीच. विमानं उभी करायला जेमतेम चार जागा, हेलिकॉप्टरसाठी वेगळी जागा, वर टॉवर, आणि छोटीशी टर्मिनल इमारत जिथं सीझनमध्ये सकाळी पाय ठेवायला जागा नसते. येणारं विमान माणसं उतरवतं, जाणारी चढवतं आणि काही मिनिटांत परत उडतं, कारण हवामानाची खिडकी छोटी असते.

ती खिडकी छोटी का, हे बहुतेकांना माहीत नसतं. सकाळी ऊन चढलं की डोंगरउतार तापतात, दरीतली हवा वर सरकायला लागते आणि दूधकोशीच्या खोऱ्यातून खालून वर वारा सुटतो. विमानही खालूनच येणार, म्हणजे हा वारा उतरणाऱ्या विमानाच्या पाठीमागून लागतो. पाठीमागचा वारा म्हणजे थांबायला जास्त धावपट्टी हवी, आणि ती इथे नाही. त्याच हवेबरोबर ढगही वर येतात. म्हणून साधारण पहाटेपासून दुपारच्या आत जे काय होईल ते, चांगल्या दिवशीसुद्धा. सकाळी सहा ते दहा ढगात गेलं की तो दिवस बहुतेक गेलाच.

ही धावपट्टी १९६४ मध्ये एडमंड हिलरींच्या देखरेखीखाली झाली. खुंबूतल्या, म्हणजे एव्हरेस्टच्या भागातल्या, शेर्पा गावांसाठी ते शाळा, दवाखाना बांधत होते, सामान काठमांडूहून पाठीवर आणायला कितीतरी दिवस जायचे, म्हणून विमानाची सोय हवी होती. आधी सपाट शेतजमिनीवर करायचा विचार होता, पण शेतकरी पोटाची जमीन द्यायला तयार नव्हते, म्हणून ही उतरती जागा घेतली, सुमारे २,६५० डॉलरला. माती दाबून बसवायला रोलर कुठला असणार, मग शेर्पांना स्थानिक दारू पाजून ओळीने पाय आपटत नाच करायला लावला, अशी गोष्ट हिलरींच्या संदर्भात कायम सांगितली जाते. कित्येक वर्षं ही मातीचीच पट्टी होती, डांबर पडलं २००१ मध्ये. २००८ च्या जानेवारीत हिलरी गेले आणि त्याच वर्षी विमानतळाला तेन्झिंग-हिलरी असं नाव दिलं गेलं. मला या विमानतळाबद्दल खरंच आदर आहे. दवाखान्याचं सामान आणण्यासाठी गावकऱ्यांनी हातापायांनी केलेली पट्टी आज अख्ख्या खुंबूचं पोट चालवते. पण ती जितकी आहे तितकीच आहे, आपल्या परतीच्या तिकिटासाठी ती लांब होणार नाही.

आणि नियम मोडला की काय होतं तेही इथं घडून गेलंय. ८ ऑक्टोबर २००८ ला, ऐन सीझनमध्ये, धुक्यात उतरायचा प्रयत्न करताना एक ट्विन ऑटर धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं, १९ पैकी १८ जण गेले, एकटा कॅप्टन वाचला. त्यामुळे लुकलाला पायलट "नाही" म्हणाला की त्याच्यावर चिडू नये, एवढं तरी.

काय अडलं

मंगळवारी नामचेत नेट मिळालं. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतोय अशी बातमी होती. दाईने लॉजच्या दीदीशी बोलून संध्याकाळीच लीडरला सांगितलं की सर, उद्या विश्रांती नको, उद्याच लुकला गाठू, गुरुवारी सकाळी आधीच्या विमानात जागा मिळते का बघू. लीडरने ग्रुपला विचारलं. सगळे दमलेले, नामचेतला दिवस खरेदीसाठी आणि गरम पाण्याच्या अंघोळीसाठी कधीपासून राखून ठेवलेला, आकाश निळंशार. "पुण्यात पण वेधशाळा सांगते आणि पाऊस येत नाही," असं कोणीतरी म्हणालं आणि विषय संपला.

हा पहिला निर्णयबिंदू, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. ऑक्टोबर म्हणजे स्वच्छ हवा हे खरं, पण याच महिन्यात उपसागरातली वादळं आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर येऊन दोन-तीन दिवसांत नेपाळपर्यंत पोचतात. २०१४ मध्ये हुदहुद १२ ऑक्टोबरला विशाखापट्टणमला धडकलं आणि १४ तारखेला अन्नपूर्णा भागात बर्फाने चाळीसच्या वर माणसं घेतली. दाईच्या डोक्यात ते होतं. ग्रुपच्या डोक्यात नव्हतं.

गुरुवारी सकाळी लुकलाला दहा-अकरापर्यंत विमानं उडाली. आपला ग्रुप तेव्हा नामचेहून निघून वाटेतल्या फाकडिंगच्या आसपास होता. दुपारी ढग भरले, संध्याकाळी लुकलात पोचेपर्यंत पाऊस.

शुक्रवार : सकाळी पाचला टर्मिनलला, वजनं झाली, बोर्डिंग पासही हातात आले, आणि साडेअकराला सगळं रद्द. सीझनमध्ये लुकलाची बरीचशी विमानं काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथली गावातल्या विमानतळावरून चालतात, काठमांडूहून चार-पाच तासांच्या रस्त्यावर. तिथं स्वच्छ ऊन होतं म्हणे, पण त्याचा उपयोग काय, इकडे धावपट्टीचं खालचं टोक दिसत नव्हतं.

शनिवार : सकाळी तासभर उघडलं. दोन-तीन विमानं आली. ग्रुपला वाटलं कालचे आपण, आधी आपला नंबर. तसं नसतं. ज्याचं त्या दिवसाचं तिकीट आहे तो आधी जातो, काल राहिलेला मागे उभा राहतो आणि जादा खेप झाली किंवा कोणी आलं नाही तर त्याची वर्णी लागते. बहुतेक वेळा इथे असंच चालतं. म्हणजे एक दिवस हुकला की नुसता एक दिवस मागे नाही पडत, रांगेच्या बाहेरच पडतो. हे कळल्यावर बँकवाला काउंटरवर बराच वाद घालून आला, त्याने काही झालं नाही. तासाभराने ढग परत.

शनिवारी दुपारी चित्र असं होतं : रविवारचं आंतरराष्ट्रीय विमान चोवीस तासांवर, लुकलात अडकलेल्यांची गर्दी वाढत चाललेली, लॉजच्या जेवणाच्या हॉलमध्ये लोक बाकांवर झोपायला लागलेले, एटीएमपुढे रांग, काकांच्या बीपीच्या गोळ्या तीन दिवसांच्या उरलेल्या, आणि उतरताना त्यांचा उजवा गुडघा सुजलेला.

समोर काय काय होतं

थांबणं. हा पर्याय वाटतो असा की आपण काहीच ठरवलेलं नाही, पण तोही निर्णयच असतो आणि रोज त्याची किंमत वाढते. २०११ च्या नोव्हेंबरात धुक्यामुळे इथे दोन हजारांवर ट्रेकर आठवडाभर अडकले होते, तेव्हा "उद्या नक्की उडेल" याला आधार काहीच नाही.

हेलिकॉप्टर. पाच माणसं मावतात, माणशी साधारण पाचशे डॉलर सांगत होते, आणि ढग जरा वर सरकला की ती विमानाच्या आधी निघतात हे खरं. पण तीही डोळ्यांनी बघूनच उडतात. दरीत ढगांच्या फटी शोधत जाणं किती वाईट ठरू शकतं ते २०२३ च्या जुलैत दिसलं, लुकलाखालच्या सुर्केहून काठमांडूला निघालेलं हेलिकॉप्टर लामजुराजवळ कोसळलं आणि सहाही जण गेले. आठ जणांचे चार हजार डॉलर हा आकडा तर होताच, पण लीडरचं म्हणणं होतं की पैसे गोळा झाले तरी अशा हवेत मी कोणाला बसवणार नाही. मला ते पटतं.

इन्शुरन्सवर हेलिकॉप्टर. शनिवारी रात्री एक एजंट टेबलावर येऊन बसला आणि हळूच म्हणाला की दोघा-तिघांना हाय अल्टिट्यूडचा त्रास दाखवू, कागद मी करतो, कंपनी पैसे देते, बाकीचे स्वस्तात येतील. बँकवाल्याला सोमवारी ब्रँचला हजर व्हायचं होतं, तो जरा हलला. जोडप्यातली ताई रडवेली झालेली, मुलाला ताप आल्याचा फोन आला होता. लीडरने तिथल्या तिथं नाही सांगितलं. खोट्या रेस्क्यूंचं हे प्रकरण इतकं वाढलं होतं की २०१८ मध्ये नेपाळ सरकारलाच चौकशी करावी लागली. आणि नुसता पैशांचा प्रश्न नाही, खोटं दुखणं घेऊन एक हेलिकॉप्टर उडालं की खरोखर फुफ्फुसात पाणी झालेला कोणीतरी वर गोरक्षेपला, बेस कॅम्पच्या आधीच्या शेवटच्या मुक्कामाला, वाट बघत बसू शकतो. काकांचा गुडघा मात्र खरा होता, म्हणून रविवारी सकाळी त्यांना लुकलातल्या पासांग ल्हामू हॉस्पिटलात दाखवलं. डॉक्टरांनी पट्टी बांधली, गोळ्या दिल्या, बीपीच्याही मिळत्याजुळत्या गोळ्या दिल्या, आणि सांगितलं की चढउताराची मोठी चाल नको, पण हेलिकॉप्टरने हलवण्याइतकं काही नाही. इन्शुरन्स कंपनीला फोन लावला तर त्यांनीही स्पष्ट सांगितलं : डॉक्टरांनी हलवायला सांगितलं तर देऊ, हवामानासाठी नाही.

चालत जाणं. हे ग्रुपला माहीतच नव्हतं. विमानाने न येणारे लोक पूर्वी जिरीहून चालत येत, आठवडा जायचा, ते डोक्यात बसलेलं. पण तोवर खालून जीपचा रस्ता वर सरकत आला होता. लुकलाहून सुर्केला उतरायचं, म्हणजे साडेपाचशे मीटरची उतरण, तिथून पुन्हा चढून पाइयाच्या बाजूला थामडाँडापर्यंत पाच-सहा तास. तिथून जीपने सल्लेरी, सल्लेरीहून दुसऱ्या गाडीने काठमांडू. हवा बरी असेल तर दोन दिवसांत पोचता येतं. पावसात चिखल, खेचरांचे तांडे, आणि जीपचा कच्चा रस्ता कुठे तुटला असेल सांगता येत नाही.

दाईने हा पर्याय शुक्रवारी संध्याकाळीच एकदा बोलून दाखवला होता. कोणी मनावर घेतलं नाही, कारण शुक्रवारी सगळ्यांना खात्री होती. "दाई, कल पक्का?" असं कॉलेजचा मुलगा दर दोन तासांनी विचारायचा आणि तो बिचारा दरवेळी एकच उत्तर द्यायचा, "यहाँ पक्का कुछ नहीं होता."

काय केलं

शनिवारी रात्री लीडरने एक गोष्ट फार योग्य केली : विमान चुकायची वाट न बघता आठही तिकिटं बुधवारवर ढकलली, फरक भरून. काहींना ते आवडलं नाही, "रविवारी सकाळी उडालो तर?" पण काठमांडूहून रविवारी दुपारचं विमान पकडायला लुकलाहून सकाळी सातला उडून रामेछापवरून पाच तास गाडी, हे गणित बसतच नव्हतं. विमान सुटून गेल्यावर तिकिटाचे बहुतेक पैसे बुडाले असते. शिवाय, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, डोक्यावरची रविवारची टांगती तलवार गेल्यावर लोक जरा शांतपणे विचार करायला लागले.

रविवार पूर्ण पावसात गेला. एकही विमान नाही. संध्याकाळी बैठक झाली आणि पहिल्यांदाच सगळे पर्याय कागदावर लिहिले गेले. ठरलं असं : सोमवारी सकाळी सहाला जे चालू शकतात ते निघतील, विमानाची वाट बघायला नऊपर्यंतही थांबायचं नाही, कारण नऊला निघालं तर अंधाराआधी थामडाँडा होणार नाही. काका-काकू लुकलातच राहतील.

आता लीडरने कोणाबरोबर राहायचं? यावर बराच वेळ गेला. लीडरला काकांना सोडून जायचं नव्हतं. दाईने सांगितलं की काका-काकूंबरोबर मी राहतो, एअरलाइनच्या काउंटरवर माझी ओळख आहे, इथं भाषा माझी, हॉस्पिटल जवळ, धोका चालणाऱ्यांना जास्त आहे, तुम्ही त्यांच्याबरोबर जा. काकाही म्हणाले, "अरे, आम्ही गरम खोलीत बसणार, तू पोरांना सांभाळ." मग सहा जण आणि असिस्टंट गाइड चालत, दोघं आणि दाई लुकलात. दोन्हीकडे किती वाजता फोन करायचा, फोन लागला नाही तर कुठल्या लॉजला निरोप ठेवायचा, हे लिहून दिलं. रोख पैशांची वाटणी झाली. काकांच्या पासपोर्टची आणि तिकिटाची कॉपी लीडरकडे, लीडरच्या ग्रुपची कॉपी दाईकडे.

सोमवारची चाल वाईट होती. सुर्केपर्यंत पायऱ्यांवरून पाणी वाहत होतं, पुढे खेचरांनी तुडवलेला चिखल घोट्याच्या वर. मॅडम दोनदा पडल्या, हाताला लागलं, फार नाही. खेचरं आली की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला नाही, हे असिस्टंट गाइड सारखा ओरडून सांगत होता. दुपारी तीनच्या सुमारास थामडाँडा. जीपवाले होते, पण ओल्या रस्त्यावर अंधारात जायला त्यांनी नकार दिला. बँकवाला जास्त पैसे द्यायला निघाला होता, लीडरने थांबवलं आणि मुक्काम केला. मंगळवारी पहाटे जीप, दोन ठिकाणी सगळ्यांनी उतरून चाकाखाली दगड लावले, दुपारी सल्लेरी, तिथून गाडी बदलून मध्यरात्री काठमांडू.

निष्पत्ती

मंगळवारी सकाळी लुकला उघडलं. साडेआठच्या सुमारास काका-काकू आणि दाईला रामेछापच्या विमानात जागा मिळाली आणि दुपारी ते काठमांडूत पोचले. म्हणजे चालत निघालेल्यांच्या कितीतरी तास आधी, कोरडे आणि आरामात. बुधवारी आठही जण एकाच विमानाने निघाले.

यावरून ग्रुपमध्ये पुढे बरीच चर्चा झाली, काहींना वाटतं चालणं वायाच गेलं. मला तसं वाटत नाही. रविवारी संध्याकाळी मंगळवारचं आकाश कोणाला दिसत नव्हतं. आणि मंगळवारी जागा मिळाल्या त्या तीन, कोणीतरी हेलिकॉप्टरने गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या. नऊ-दहा जणांची एकत्र जागा त्या दिवशी मिळाली असती असं दाईलाही वाटत नाही, त्या सकाळी कितीतरी ग्रुप परत लॉजवर गेले. उलट सहा जण रांगेतून कमी झाले म्हणूनच उरलेल्यांचं काम सोपं झालं. निर्णय बरोबर होता की नाही हे त्या वेळी हातात काय होतं त्यावरून बघायचं, नंतर काय झालं त्यावरून नाही.

पैशांचं म्हणाल तर तिकिटांचा फरक, जादा मुक्काम, जीप आणि गाड्या मिळून माणशी खर्च हेलिकॉप्टरच्या निम्म्याच्या आत राहिला. न वापरलेल्या लुकलाच्या तिकिटांचे पैसे परत मिळाले, वेळ लागला. बँकवाल्याची तीन दिवसांची रजा बिनपगारी झाली. ताईच्या मुलाचा ताप दोन दिवसांत उतरला होता.

वेगळं काय करता आलं असतं

नामचेतला बुधवार. हवामानाचा इशारा आणि स्थानिक माणसाचा सल्ला दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होते, तेव्हा विश्रांतीचा दिवस सोडायला हवा होता. लीडर म्हणतो मी मत घ्यायलाच नको होतं. मला वाटतं मत घेतलं ते ठीक, पण "दमलोय" आणि "उपसागरात कमी दाब आहे" या दोन गोष्टी एकाच तराजूत टाकून हात वर करायला सांगणं चुकलं. अशा ठिकाणी दाई काय म्हणतो ते आधी, बाकी नंतर, हे ट्रेक सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं पाहिजे.

चालत जायचा निर्णय शुक्रवारी संध्याकाळी झाला असता तर शनिवारी निघून रविवारी रात्री काठमांडू. रविवारचं विमान तरीही गेलंच असतं, पण सोमवार-मंगळवारचं मिळालं असतं, आणि शनिवारी पाऊस कमी होता. त्यासाठी लुकलात पोचायच्या आधी एक ओळ लिहिलेली हवी : अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत विमान नाही तर आपण हे करतो. लुकलात बसून ते ठरत नाही, कारण तिथं दर दहा मिनिटांनी कोणीतरी "रामेछापहून निघालं" म्हणतं, सायरन वाजतो आणि सगळे खिडकीशी धावतात.

जादा दिवस एक पुरत नाही. दोन तर हवेतच, तीन असले तर उत्तम, आणि ते लुकलासाठी आहेत हे ग्रुपला स्पष्ट सांगायचं, काठमांडू दर्शन म्हणून नाही. ज्यांना तेवढी रजा मिळत नाही त्यांनी हा ट्रेक पुढच्या वर्षी करावा, हे मी तोंडावर सांगायला लागलोय आणि त्याने कोणी नाराज झालं तरी चालेल.

औषधं. काकांनी ट्रेकचे दिवस मोजून गोळ्या घेतल्या होत्या. लुकलात हॉस्पिटल आहे म्हणून भागलं. आठवडाभराच्या जास्तीच्या गोळ्या, त्याही दोन वेगळ्या बॅगांत.

ग्रुप फोडण्याबद्दल मात्र आजही एकमत नाही. लीडरला अजून वाटतं की त्याने काकांबरोबर थांबायला हवं होतं, वयाने मोठं आणि दुखरं माणूस ही लीडरची जबाबदारी. दाईचं गणित वेगळं होतं, धोका जिथं जास्त तिथं लीडर. मी दाईच्या बाजूने आहे, पण एका अटीवर : मागे राहणाऱ्यांबरोबर तितकाच भरवशाचा माणूस हवा. असिस्टंटला काकांजवळ ठेवून दाई चालणाऱ्यांबरोबर गेला असता तर मंगळवारच्या त्या तीन जागा मिळाल्या असत्या का, शंका आहे.

रस्त्याचा पर्याय आहे म्हणून त्याच्यावर डोळे मिटून विसंबूही नये. २०२४ च्या सप्टेंबरातल्या पुरात काठमांडूकडे येणाऱ्या बीपी हायवेचा रोशी नदीच्या काठचा बराच भाग वाहून गेला, म्हणजे वर पाऊस असतो तेव्हा खालचा रस्ताही धोक्यात असतो. निघायच्या आधी सल्लेरीपर्यंतची आणि सल्लेरीच्या पुढची, दोन्हीकडची ताजी खबर घ्यायची, आणि ती जीपवाल्यांकडून, नकाशावरून नाही.

याच लीडरने पुढच्या ग्रुपचा प्लॅन बदललाय. जाताना विमान नाहीच. काठमांडूहून गाडीने सल्लेरी, जीपने थामडाँडा, तिथून चालत सुर्के आणि फाकडिंग. दोन दिवस जास्त लागतात, पण उंचीची सवय हळूहळू होते, लुकलाचं एक उड्डाण कमी होतं, आणि मुख्य म्हणजे परत येताना चालायची वेळ आलीच तर तो रस्ता सगळ्यांनी जातानाच पायाखाली घातलेला असतो. परतीचं विमान ठेवलंय, पुढे तीन मोकळे दिवस ठेवलेत, आणि फॉर्मवर एक नवीन प्रश्न आलाय : लुकलाहून खाली पाच-सहा तास चालावं लागलं तर तुम्ही चालू शकाल का, नसाल तर तुमच्याबरोबर कोण थांबेल.